जोगजकार्तातली खंडेनवमी

परदेशात कोण जाणार हे आमच्या घरात पासपोर्ट कुणाकडे आहे यावरून ठरलं. तो एकट्या माझ्याकडे होता. मागे एकदा गुलमंडीच्या बाजारातल्या आम्हा दुकानदार बायकांचं दुबईला जायचं ठरलं होतं. सगळ्यांचे पासपोर्ट आले, मग कुणाची सासू पडली, कुणाच्या मुलीचं लग्न निघालं आणि दुबई जागच्या जागी राहिली. पासपोर्ट कपाटात साड्यांखाली पडून होता. तो तिथेच संपणार असं मी धरून चालले होते.

तेवढ्यात माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला, इंडोनेशियातल्या जोगजकार्ता या गावी कुमार गटाच्या आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धेत खेळायची संधी मिळाली. ऋतुजा तिचं नाव, नुकतीच दहावी झालेली. मुलींबरोबर घरचं कुणीतरी मोठं माणूस हवं, असं तिच्या सरांनी सांगितलं. भावाला, संतोषला, कंपनीत रजा नाही. तो चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टूलरूमला आहे. वहिनीच्या घरात घट बसतात आणि घट बसले की ती उंबरा सोडत नाही. आणि स्पर्धा होती ऐन नवरात्रात.

नवरात्र म्हणजे आमचा हंगाम. आमचं मॅचिंग सेंटर आहे. फॉल, अस्तर, ब्लाउजपीस, जो रंग सांगाल तो. आजकाल नवरात्रात रोजचा रंग ठरलेला असतो आणि सगळ्या बायकांना तो आदल्या संध्याकाळी आठवतो. अशा वेळी दुकान सोडून जाणं म्हणजे पेरणीच्या दिवशी गावाला जाण्यासारखं. मी घरी विषय काढला. नवरा म्हणाला, "जा की. फक्त जांभळा माल कुठं ठेवलाय तेवढं सांगून जा."

निघायच्या दिवशी मी मुकुंदवाडीला संतोषच्या घरी गेले. तो वजनकाट्यावर बॅग ठेवून बघत होता. बॅगेकडे बघतच म्हणाला, "ताई, तुला सांगून ठेवतो. पदक आलं तर ठीक. नाय आलं तर रॅकेट ठेवून द्यायची अन् अकरावीच्या क्लासला बसायचं. लई झालं आता."

"तिला सांगितलंस?"

"तिला म्हाईत आहे."

ऋतुजा दारातच उभी होती. तिने बूट बॅगेत घातले आणि चेन लावली. संतोष काही दुष्ट बाप नाही. पोरगी सात वर्षांची असल्यापासून रोज पहाटे तिला स्कूटरवर क्रीडा संकुलात सोडून मग हा माणूस ड्यूटीवर जातो, थंडीत कानाला मफलर बांधून. पण कंपनीत त्याच्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाचा मुलगा डॉक्टर होऊ घातलाय, आणि हे त्याला रोज डब्याच्या वेळी ऐकावं लागतं.

जोगजकार्ता

विमानांबद्दल मी काही लिहीत नाही. बसायला जागा मिळते आणि खिडकीतून ढग दिसतात, एवढं पुरे.

गाव उतरल्या उतरल्या ओळखीचं वाटलं. स्कूटरींचा पूर. डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका पुढे पोर, मागे पोर घेऊन सफाईने गाडी काढतात. पाच वेळा अजान. फरक एवढाच की कुणी हॉर्न वाजवत नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, गावात काहीतरी वाईट घडलंय. खुर्चीला हे लोक कुर्सी म्हणतात, साबणाला साबुन आणि दुनियेला दुनियाच. मी निम्मी खरेदी गुलमंडीच्या भाषेत केली.

माझा नऊ दिवसांचा उपवास होता. बॅगेत राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाण्याची चटणी होती, पण आठवडा काही त्यावर निघणार नव्हता. हॉटेलात सकाळी सकाळी भात, त्यावर तळलेला मासा, त्यावर पुन्हा मिरची. मी केळं घेऊन बसले होते. तेव्हा शेख सर, म्हणजे ऋतुजाचे कोच, एका बशीत पिवळसर तळलेले लांबट तुकडे घेऊन आले.

"ताई, ये क्या है, मालूम? साबुदाने की अम्मा. जिस कंद से साबुदाना बनता ना, वोइच. खाओ, उपास नै टूटता."

मी खाल्लं. बाहेरून कुरकुरीत, आतून पिठूळ. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या त्याचे दाणे पाडून, भिजवून, ते चिकट होतात म्हणून रडत बसतो. हे लोक सरळ कापून तळतात आणि मोकळे होतात. दाण्याचं कूटही इथे पदोपदी. फक्त त्यात लसूण आणि सुकी कोळंबी वाटलेली असते, हे मला दोन वेळा खाऊन झाल्यावर कळलं. देवीला मी सांगितलं की परगावी असं व्हायचंच.

ऋतुजा पहिले सामने जिंकत गेली. मला बॅडमिंटनमधलं फार कळत नाही. मला कळतं ते एवढंच, की फूल समोरच्याच्या जमिनीवर पडलं की आपली पोरगी मूठ आवळते. सरांच्या हाताखालचे दोन मुलगे पहिल्याच फेरीत हरून आता आइस्क्रीम खात फिरत होते. आमची तेवढी उरली होती.

मधल्या सुटीच्या दिवशी मी एकटीच बाटिकच्या बाजारात जाऊन आले. मेणाने नक्षी काढून रंगवलेलं कापड, इथली मोठी कला आहे. दुकानदारीण माझ्याच वयाची होती. तिने एक पीस पुढे टाकला. मी तो उलटा करून बघितला. हाताने काढलेल्या बाटिकचा रंग दोन्ही बाजूंना सारखा उतरतो, छापील असेल तर पाठ फिकी पडते. पाठ फिकी होती. मी काही न बोलता पीस परत सरकवला. ती हसली, स्टुलावर चढली आणि वरच्या फळीवरून दुसरा गठ्ठा काढला. आमच्याही दुकानात खरा माल वरच्याच फळीवर असतो. मग तासभर आम्ही कॅल्क्युलेटरवर भांडलो. उठताना तिने मला चहा पाजला.

त्या संध्याकाळी सरांनी मला समजावून सांगितलं की उद्याचा सामना उपांत्यपूर्व. "कल जीती तो मेडल पक्का, ताई. सेमी में हारी तो भी ब्राँझ मिलता. दोनो हारनेवालियों को."

म्हणजे संतोषची अट उद्याच्या एका सामन्यावर येऊन बसली होती. ऋतुजाने जेवताना तीनदा मीठ मागितलं आणि तीनदा घालायला विसरली.

खंडेनवमी

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. ऋतुजा सरांबरोबर खाली नाश्त्याला गेली. मी अंघोळ करून जांभळी साडी नेसले आणि हात आपोआप कामाला लागले. आमच्याकडे या दिवशी ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा असते. दुकानात माझी कात्री आणि मीटरची पट्टी पाटावर बसतात. कात्री विमानात चालत नाही म्हणून मी मेजरटेप काढला. त्याच्या शेजारी, हॉटेलच्या पांढऱ्या टॉवेलवर, ऋतुजाच्या तिन्ही रॅकेटी मांडल्या. प्रत्येकीच्या मुठीला हळद, हळदीवर कुंकू. झेंडू मिळेना, तेव्हा रिसेप्शनवरच्या फुलदाणीतलं ऑर्किड विचारून आणलं. राजगिऱ्याच्या लाडवाचा नैवेद्य दाखवला. पूजा छान दिसत होती. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

ऋतुजा वर आली आणि दारातच थांबली.

"आत्या, हे काय केलं?"

"खंडेनवमी आहे ना."

"मग आता उद्यापर्यंत उचलायच्या नसतात."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी सांगते ते खरं आहे. पूजेला बसवलेलं हत्यार त्या दिवशी वापरत नाहीत, दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उचलतात. हे मला जन्मापासून माहीत आहे. दुकानात त्या दिवशी गिऱ्हाईक आलंच, तर आम्ही कापड हाताने फाडून देतो. बॅडमिंटन हाताने खेळता येत नाही.

मी म्हटलं, "देवाला कळतं बाळा. उचल."

तिचा हात पुढे होईना. फुलंब्रीला, माझ्या माहेरी, आईने एका खंडेनवमीला पाण्याची मोटर चालू केली म्हणून संतोषच्या पाठीत उलथनं घातलं होतं, ही गोष्ट ऋतुजा ऐकतच मोठी झाली आहे. आई आता नाही, पण उलथन्याची गोष्ट आहे. मी संतोषला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर त्यांच्या घरातला पंखा दिसला.

"ताई, पूजेत आहे मी. बोल."

"मी रॅकेटींची पूजा केली."

पंखा फिरत राहिला. "खेळायचंय ना तिला आज?"

"हो."

"मग कशाला केलीस?"

"तू नाही का करत?"

"माझी कंपनी आज बंद असते, ताई."

थोडा वेळ घंटीचा आवाज आला, मग तो म्हणाला, "उत्तरपूजा कर. अक्षता टाक अन् जरा उत्तरंला सरकव. मग मोकळं. आई करायची, अडलं म्हंजी."

तांदूळ मी खालच्या स्वयंपाकघरातून मूठभर मागून आणले. प्रश्न उत्तरेचा होता. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसत होती आणि सूर्याचा पत्ता नव्हता. मी वर बघितलं. छताला एक हिरवा बाण चिकटवलेला होता. इथे प्रत्येक हॉटेलच्या खोलीत असतो, नमाजासाठी मक्का कुठे ते दाखवायला. आमच्या दुकानाशेजारी अत्तरवाले चाचा आहेत. ते दुपारी ज्या भिंतीकडे तोंड करून उभे राहतात, त्याच बाजूने आमच्या दुकानात मावळतीचं ऊन येतं. म्हणजे बाण पश्चिमेला. तेवढ्यात सर बोलवायला आले, बस खाली उभी होती.

"सर, हा बाण पश्चिमेकडंच ना?"

सरांनी बाणाकडे बघितलं, टॉवेलकडे बघितलं, माझ्या हातातल्या तांदळाकडे बघितलं. "हौ ताई, मगरिबच. जरा तिरछा है, पर चलता." मग त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि भिंतीला लागून उभे राहिले.

मी बाणाकडे तोंड केलं, उजव्या हाताला उत्तर धरली, अक्षता टाकल्या आणि तिन्ही रॅकेटी चार बोटं सरकवल्या. "आता उचल." ऋतुजाने नमस्कार करून उचलल्या. तिचा चेहरा सैल झाला. मला वाटलं, सुटलो.

समोर जपानची मुलगी होती, आमच्या ऋतुजाच्या खांद्याएवढी. तिची आई माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली, मला वाकून नमस्कार केला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प झाली. ऋतुजा सुरुवातीपासून पुढे होती. उंच उडी मारून फूल खाली हाणत होती, आणि सर मागच्या खुर्चीवरून "शाबास, जल्दी नक्को" म्हणत होते. मी मनात संतोषला पेढ्यांचं सांगायला लागले होते.

मग ऋतुजाने कपाळाचा घाम पुसला, हात पांढऱ्या शर्टला पुसला आणि पंचाने खेळ थांबवला.

शर्टवर लाल डाग होता. कपाळावर लाल. तळहात लाल. बॅडमिंटनमध्ये रक्त दिसलं की खेळ थांबतो, हे मला त्या दिवशी समजलं. एक डॉक्टर बॅग घेऊन पळत आला. त्याने तळहात पुसला, जखम शोधली, दुसरा हात शोधला, पुन्हा पहिला शोधला. मग बोटाला लागलेलं लाल त्याने नाकाशी नेलं. सर मैदानावरच्या अधिकाऱ्याला हात जोडून दाखवत होते, वर बोट दाखवत होते. पूजा हा प्रकार त्या देशात सगळ्यांना पटकन समजतो; अधिकारी मान हलवून म्हणाला, रॅकेट बदला. सरांनी दुसरी काढली. तिलाही कुंकू. तिसरी काढली. मी भेदभाव केलेला नव्हता.

शेवटी मूठ ओल्या टॉवेलने पुसून, वरून नवी पट्टी गुंडाळून खेळ सुरू झाला. तोवर जपानची मुलगी शांतपणे जागच्या जागी उड्या मारत अंग गरम ठेवत होती. ऋतुजा नुसती उभी होती, आणि सगळं सभागृह तिच्या शर्टकडे बघत होतं. तिने तो गेम घालवला. दुसरा जिंकला, दात ओठ खाऊन. तिसऱ्यात दोघी बरोबरीने वर वर जात राहिल्या, आणि शेवटच्या दोन गुणांना ऋतुजाच्या डाव्या अंगाला, म्हणजे बॅकहँडला, आलेली फुलं जाळीत गेली.

जपानी आईने उठून मला पुन्हा वाकून नमस्कार केला आणि पिशवीतून तांदळाच्या बिस्किटांचं पाकीट दिलं. घेतलं की द्यायला हवं. लाडू संपले होते. मी तिला चटणीची पुडी दिली. तिने तिथेच चिमूटभर तोंडात टाकली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिने तिसऱ्यांदा नमस्कार केला. मीही रडत होते, त्यामुळे आम्ही दोघी सारख्याच दिसत होतो.

बसमध्ये ऋतुजा खिडकीशी बसली. खूप वेळाने मी म्हटलं, "माझ्यामुळं झालं हे. माझ्या कुंकवामुळं."

ती बाहेर बघत म्हणाली, "आत्या, बॅकहँडला कुंकू नव्हतं. तो माझाच गेला." आणि मग तिने माझ्या जांभळ्या साडीच्या पदरात तोंड खुपसलं आणि हमसून हमसून रडली. मला इतकं वाईट माझ्या स्वतःच्या मुलांच्या निकालांना वाटलं नव्हतं. संतोषला मी मेसेज केला. त्याचं उत्तर आलं, "समजलं. जेवून घ्या."

पदकं

परतीचं तिकीट अंतिम सामन्यानंतरचं होतं. मधल्या दिवशी, म्हणजे दसऱ्याला, आम्ही गावाबाहेरची प्राचीन शिवमंदिरं बघून आलो. दगडावर दगड रचून आभाळात चढवलेली. भिंतीवर सगळं रामायण. गाईड म्हणाला, असं कुठे बघितलं नसेल. आम्ही वेरूळच्या अंगणातली माणसं. आमच्याकडे कैलास डोंगर वरून खाली कोरत आणलाय, एक दगड रचलेला नाही. पण पाहुण्याने असं बोलू नये. मी म्हटलं, सुंदर आहे, आणि ते होतंच.

बक्षीस समारंभाला ऋतुजा स्वतःहून आली. जपानची मुलगी अंतिम फेरीपर्यंत गेली होती आणि तिथे इथल्याच एका मुलीशी हरली. सोनं यजमानांच्या पोरीला. सभागृह असं ओरडलं की छताचे दिवे हलले. सोने लुटायचा आमचा दिवस एका दिवसाने हुकला होता. चौथऱ्यावर चौघी उभ्या राहिल्या, ब्राँझच्या दोघी खालच्या पायरीवर. पदकांचे रंग मी धंद्याच्या नजरेने बघितले. सोनं जरा पिवळं जास्त होतं, चांदी ठीक. ब्राँझ मात्र अस्सल उतरलं होतं, गडद, तांबूस, हजार शेड चाळल्यावर एखादा सापडतो तसा. मी बराच वेळ त्याच्याकडेच बघत राहिले.

ऋतुजा टाळ्या वाजवत होती. मग हळूच म्हणाली, "ती डावीकडची आहे ना, मलेशियाची, तिला मी मागच्या महिन्यात ऑनलाइन बघत होते. तिचा बॅकहँड बघ आत्या." चौथऱ्यावर बॅकहँड कसा बघायचा ते मला कळलं नाही, पण ती बघत होती. खाली तिचं मनगट आपोआप वळत होतं. हिच्या हातातून रॅकेट काढून घेणं सोपं नव्हतं, आणि ते मला बघावं लागणार होतं.

मुकुंदवाडी

विमानतळावर संतोष आला होता. त्याने बॅगा घेतल्या, ऋतुजाच्या डोक्यावर हात ठेवला, स्पर्धेचं काही विचारलं नाही. रिक्षात म्हणाला, "क्लासला नाव घातलं तुझं." ऋतुजा "हं" म्हणाली. मी काही बोलणार होते, पण रिक्षा खड्ड्यातून गेली आणि राहिलं.

घरात शिरलो. घट उठले होते, देवघर पुसून लख्ख. पण समोरच्या खोलीच्या कोपऱ्यात अजून एक पाट मांडलेला होता. त्यावर सुकून काळा पडलेला झेंडू आणि त्याखाली एक रॅकेट. ऋतुजाची पहिली, जाड मुठीची, तार तुटलेली, जी दाराच्या मागे खिळ्याला असायची. मुठीवर हळदकुंकू वाळून खपली धरली होती. तिच्या शेजारी संतोषच्या पान्यांच्या जागा रिकाम्या होत्या, हळदीत नुसते ठसे. त्या सकाळी फोनवर मला पाटाऐवजी पंखाच का दिसत होता, ते आता समजलं.

वहिनी म्हणाली, "केर काढायला बी हात लावू देईना झालेत. मी म्हणलं दसरा होऊन गेला, उचला की ती. तर म्हणे, माझे पाने मी उचलले. ही माझी नाय."

संतोष बॅगेची चेन उघडण्यात गुंतला होता. चेन आधीच उघडी होती.

"क्लास संध्याकाळचा घेतलाय," तो बॅगेला सांगितल्यासारखा म्हणाला. "सकाळ मोकळी आहे."

ऋतुजा पाटाजवळ गेली, वाकून नमस्कार केला आणि रॅकेटकडे हात नेला.

"थांब," संतोष म्हणाला. तो आत गेला आणि ओला फडका पिळत बाहेर आला. "मूठ पुसून घे आधी."